चहा उकळेपर्यंत

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. सांगलीत सार्वजनिक आरोग्य शिकत असताना आमच्या विभागात एक कार्यक्रम सुरू झाला. दोन देशांतल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांकडे जाऊन एकच अभ्यास करायचा. केनियाहून एक मुलगी आमच्याकडे आली. तिच्याकडच्या आणि आमच्याकडच्या मेंढपाळ घरांत रक्तदाबाचा त्रास कितपत आहे, हे आम्हाला बघायचं होतं.

बैठकीत मी सहसा गप्प असायची. वस्ती ठरवायच्या दिवशी मात्र बोलले. जतकडे माझ्या आत्याची वस्ती आहे, तिथं कुणाचा रक्तदाब कधी मोजलाच जात नाही, असं सांगितलं. सांगताना कान तापले होते. अभ्यास बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "चालेल. पण मोजमाप नियमात बसलं पाहिजे. नाहीतर ती वस्ती सोडून उंब्रजच्या बाजूची घेऊ." वस्ती माझ्या शब्दावर घेतलेली, म्हणून ती अभ्यासात राहावी असं मला फार वाटत होतं.

नियम साधा होता. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही आणि पाच मिनिटं शांत बसायचं. पण पहिल्याच घरात आम्ही मशीन काढेपर्यंत चहा पुढे आला. पाहुण्यांनी एकट्यानं कसा प्यायचा, म्हणून घरधन्यानंही आमच्याबरोबर घेतला. आम्ही अर्धा तास थांबलो. तेवढ्यात शेजारचे आजोबा आले, त्यांच्यासाठी पुन्हा चहा झाला आणि त्यांना सोबत म्हणून घरधन्यानं आणखी एक कप घेतला.

पुढच्या घरी मी धीर करून चहाला नको म्हटलं. तिथल्या आजी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"का गं? आमच्या घरचं चालत न्हाई व्हय? का सांगलीला जाऊन लय मोठी झालीस?"

मी मुकाट्यानं कप उचलला. आजींनीही उचलला.

आत्याच्या घरी तिच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या मामांचं, मोजलं तर आकडा बराच वर होता. मामा हसले. "आत्ताच चहा प्यालोय न्हवं? त्यानं चढलं आसंल." नियमाप्रमाणे त्यांचं म्हणणं खोडता येत नव्हतं. संध्याकाळी मॅडमना फोन केला. त्या रागावल्या नाहीत; आजचं काही धरता येणार नाही, उद्याचा दिवस बघू, एवढंच म्हणाल्या. मला रागावण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

केनियाची पाहुणी मात्र खुशीत होती. तिच्या आजीकडेही दुधाचा चहा घेतल्याशिवाय कुणाला उठू देत नाहीत म्हणे. आत्या चुलीपुढे बसली होती. लाकडं ओली, धूर फार, आणि चहाला काही उकळी येईना. आम्ही दोघी वाट बघत बसलो होतो. एकदम माझ्या लक्षात आलं, की चुलीवर चहा ठेवल्यापासून कप हातात येईपर्यंत पाच मिनिटांहून कितीतरी जास्त वेळ जातो; तेवढ्यात मोजून होईल. अडखळत इंग्रजीत तिला हे सांगितलं. तिनं टाळीच दिली.

दुसऱ्या दिवशी दारातूनच मी म्हणायला लागले, "आजी, चहा टाका, आमी घेनारच हाय. पर उकळेपर्यंत आजोबांनी हितं गप बसायचं." सकाळचा चहा होऊन अर्ध्या तासाच्या वर झालेला, पुढचा अजून चुलीवर. गप बसणं तेवढं अवघड होतं.

"ह्यांना गप बसवायचं मशीन हाय का तुमच्याकडं?" एका बाईनं विचारलं आणि आजोबांसकट सगळे हसले. पाच मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली. पण एकाही घरी चहा नाकारावा लागला नाही.

शेवटी आत्याचं घर. मामा भिंतीला टेकून बसले. पट्टा फुगला, सैल झाला. आकडा कालच्याइतकाच होता. थोडं थांबून पुन्हा मोजलं, तरी तेवढाच.

"आता चहावर ढकला की," आत्या चुलीपासून म्हणाली. "घोटभर बी प्यालं न्हाईत अजून."

मामांनी दंडावरचा पट्टा सोडला. मग मला म्हणाले, "लय हाय का गं?"

"जास्त आहे मामा. पण डॉक्टरांना दाखवलं की गोळीनं आटोक्यात येतं."

"आवं, जावा की मग," आत्या म्हणाली. "पोरगी सांगतीया न्हवं."

संध्याकाळी मॅडमनी आकडे बघितले आणि वस्ती राहील, असं सांगितलं. मी "थँक्यू मॅडम" म्हटलं.

सकाळी आम्ही परत निघालो तेव्हा मामा धुतलेला सदरा घालून एसटीच्या थांब्यावर आमच्याआधीच येऊन बसले होते. आम्हीही त्यांच्याबरोबर जतला उतरलो. सरकारी दवाखान्यात रांगेत त्यांनी शेजारच्या माणसाला सांगितलं, "ही आमची भाची. हिनंच मोजलं." मग पाहुणीकडे हात करून म्हणाले, "आनि ही तिची मैत्रीण. लांबनं आलीया." तिनं मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. नंबर येईपर्यंत आम्ही तिघं बाकावर बसून राहिलो.