जर्मन बोलणारे चित्रपट आणि आमचे भांडण

पनवेलमध्ये अजूनही असे सांगितले जाते की, मुंबई पेटली त्या हिवाळ्यात आमची मैत्री तुटली. ते मुसलमान, मी हिंदू, हवाच तशी होती. वाचनालयाच्या पायरीवर मला हे सहानुभूतीने ऐकवणारे लोक त्या खोलीत कधी बसलेले नव्हते. खोलीत आम्ही दोघेच असू. आमचे भांडण एका चित्रपटावरून झाले.

ते आखातातून परतून जुन्या पनवेलमध्ये विजेच्या सामानाचे दुकान चालवत. मी नवीन पनवेलहून शाळेत गणित शिकवायला येई. व्हीसीआर त्यांच्या घरचा, कॅसेटी माझ्या. माझा धाकटा भाऊ जर्मनीत नोकरीला होता आणि तिथल्या टीव्हीवर लागणारे जुने, नावाजलेले चित्रपट उतरवून पाठवी. स्वीडनचा पाद्री, इटलीतला बेकार मजूर, पॅरिसची विधवा, सगळे जर्मनच बोलत. खाली इंग्रजी अक्षरेही नसत. आम्हाला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. मग बघत काय होतात, असे लोक विचारतात. बाई खिडकीशी किती वेळ उभी राहते, पाव कापणारा माणूस कुणाकडे पाहायचे टाळतो, ते बघत होतो. शब्द समजणाऱ्यांना तेवढी सवड नसते. रविवारी दुपारी चित्रपट संपला की वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा आणि सांदण आणून ठेवत, आणि कथा नेमकी काय होती यावर आमची जुंपे. शाळेत माझ्याशी वाद घालण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. हा एकच माणूस मला बिनदिक्कत खोटा पाडी.

शेवटच्या चित्रपटात समुद्राकाठच्या घरातली एक बाई पहाटे निघून जाते. नवरा उरलेला चित्रपटभर दोन ताटल्या मांडत राहतो.

“बुडाली ती,” ते म्हणाले.

“सोडून गेली. मरायला निघालेली बाई हातात बॅग घेईल?”

“आणि सोडून जाणारी दाराशी बूट ठेवून जाईल, मास्तर? बर्फातून?”

“दुसरे असतील बॅगेत.”

“तुम्ही शिरला होतात बॅगेत? तोबा! गणितवाल्याला बाई कळायची नाही.”

“आणि दुकानदाराला किमतीपलीकडे काही.”

आतून वहिनींचे हसू ऐकू आले. ते हसले नाहीत. मी कॅसेट काढून घेतली आणि निघालो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबईच्या बातम्या आल्या. आपल्याकडेही बाजाराची शटरे दिवसा खाली असत. मी गेलो नाही. बोलावणे त्यांच्याकडून यायला हवे होते, कारण घर त्यांचे होते. ते आले नाही. उन्हाळ्यात त्यांनी दुकान विकले आणि बिऱ्हाड मुंब्र्याला हलवले. “घाबरून गेले,” गाव म्हणाले. मी प्रत्येकाला तिथल्या तिथे सुनावले की ते रागावून गेले. रागावता येते ते बरोबरीच्या माणसावर. भीतीने गेले असतील, तर त्या खोलीत इतकी वर्षे मी कोण म्हणून बसत होतो?

काही वर्षांनी ते वारल्याचे दफन होऊन गेल्यावर कळले, तेव्हा मी मुंब्र्याला गेलो. वहिनींनी ओळखले.

“वहिनी, माझ्यावरचा राग शेवटपर्यंत होता का त्यांचा?”

“कसला राग, मास्तरभाई?”

“त्या चित्रपटावरून भांडलो होतो ना आम्ही.”

“ते तर दर रविवारचंच होतं!” त्या म्हणाल्या. “ते म्हणायचे, मास्तर आपल्या घरी आले तर त्यांना त्यांचे बिल्डिंगवाले विचारतील. आपण गेलो तर आपल्याला. नको कुणाला तकलीफ. म्हणून नाही बोलावलं. चांगला माणूस आहे, म्हणायचे.”

चांगला माणूस! असे कुणाविषयीही म्हणता येते. मी त्यांना समजावू लागलो की असे नव्हते, कारण वेगळे होते. तो सगळा चित्रपट मी त्या दुखवट्याच्या घरात सांगितला, आणि माझा आवाजही चढला असावा. भिंतीला टेकून बसलेल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, एकदाही माझे म्हणणे खोडले नाही.

“असेल, मास्तरभाई,” त्या म्हणाल्या, आणि पुतण्याकडे वळल्या. “यांना स्टेशनपर्यंत सोडून ये. रस्ता त्यांच्या ओळखीचा नाही.”