मागल्या भिंतीतलं दार

आमचे हे जंगल खात्यात रेंजर. नवऱ्याचं नाव घ्यायची आम्हांला सवय नाही, उखाण्यापुरतं घेतलं तेवढंच. म्हणून इथेही "हे"च चालू द्या. नोकरीभर यांची बदली या जंगलातून त्या जंगलात, आणि पोरांच्या शाळेसाठी मी उमरखेडला. घर लहानच. पुढे बैठक, मध्ये माजघर, शेवटी स्वयंपाकघर, आणि सगळ्या घराला मिळून बाहेर जायचं दार एकच, पुढचं. हे महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, पाहुण्यासारखे राहायचे, गोडधोड खाऊन परत जायचे. त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही.

वयाची पंचावन्न वर्षं भरली आणि हे नोकरी संपवून कायमचे घरी आले. मी हौसेने घर तयार केलं. बैठकीतलं सारवण काढून फरशी बसवली, खिडकी मोठी केली, खिडकीशी वेताची आरामखुर्ची टाकली. उभा जन्म तंबूत आणि डाकबंगल्यात गेला, आता माणसाने निवांत बसावं. हे बसले. सकाळी बसले ते दिवेलागणीपर्यंत उठेनात.

आणि माझ्या दुपारी बंद पडल्या.

जेवणं आटोपली की आळीतल्या बायका माझ्या स्वयंपाकघरात जमत. समोरच्या कास्तकाराची सून, मास्तरीणबाई, कल्हईवाल्याची बायको. तूर निवडायची, गोधडीला टाके घालायचे. हात चालू आणि तोंडं त्याहून चालू. पोरांच्या तापात रात्रीबेरात्री धावून आल्या त्या याच. आता बैठकीत साहेब बसलेले. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषासमोरून बाई जाते ती पदर पुढे ओढून, चपला हातात घेऊन, मान खाली घालून. एखाद्या दिवशी ठीक आहे. रोज तूर निवडायला एवढं कोण करेल? आधी मास्तरीणबाई यायच्या थांबल्या, मग बाकीच्या.

गोष्ट यांच्याही ध्यानात आली. "बायका काहून येऊन नाही राह्यल्या?" म्हणाले. खरं सांगायला माझी जीभ रेटेना. असेल काही काम, म्हटलं.

मग यांनी स्वतःच इलाज शोधला. सुताराला बोलावून सागाचा लांबलचक बाक करवून घेतला आणि तो मांडला कुठे, तर बैठकीत, आपल्या खुर्चीला लागून! "बसाले जागा नोती, म्हणून येत नसतीन," म्हणाले. वाघाचा माग काढणारा माणूस, आणि आळीतल्या बायका कळू नयेत! हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना. शेवटी मी बोलून गेले, "अहो, तुम्ही बसता म्हणून त्या येत नाहीत."

हे बाकावरून हात फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी जेवण होताच कानाला दुपट्टा गुंडाळला, छत्री घेतली. "वाचनालयात जाऊन येतो." मग ते रोजचंच झालं. बायका परत येऊ लागल्या आणि मी खुशीत. वाचनालयात पेपर आहेत, बरोबरीची माणसं आहेत, यांचंही बरं चाललं असेल असं मी समजून होते.

वैशाख तापला. एका दुपारी कल्हईवाल्याची बायको तूर पाखडता पाखडता म्हणाली, "बाई, साहेब कुठं गावाले चालले का?"

"नाही बा. काहून?"

"आमच्या घरचे बोलून राह्यले, साहेब रोज दुपारी स्टँडवर दिसतात. मोटर येते, मोटर जाते, पन साहेब काई चढत नाहीत. वाचनालय तं दुपारचं बंदच राह्यते ना."

मी हातातलं तसंच टाकून उठले. भर उन्हात मला झपाझप चालताना पाहून दुकानदार बघत राहिले; बघू दे म्हटलं. स्टँड म्हणजे टिनाचं छप्पर. त्याखाली, गाठोडी घेऊन बसलेल्या उतारूंमध्ये, हे छत्री मांडीवर घेऊन बसले होते. पुसदची गाडी सुटत होती आणि हे तिच्याकडे नुसते बघत होते. मला भडभडून आलं, आणि संतापही असा आला की काय सांगू.

"कोठं चालले?"

हे दचकले. "कोठं नाही. तुह्या बायका गेल्या का?"

"आधी घरी चला. हे टिन तापून राह्यलं अन् तुम्ही..."

"मी आलो तं त्या उठतीन नं," हे म्हणाले. "इतके वर्षं तू एकटी राह्यली. त्याच होत्या तुह्याजवळ. मी तं आता आलो."

परतताना वाटेतच मी सांगून टाकलं, स्वयंपाकघराची मागली भिंत फोडायची. भिंतीपलीकडे बोळ होता, तिकडून बायका सरळ आत येतील. यांनी भिंत कच्च्या विटांची आहे, वर छपराच्या कवेलूंचा भार आहे, असं बरंच काही ऐकवलं. मी ऐकलं नाही. दाराला लाकूड शोधावं लागलं नाही, बाक होताच. तो मोडताना सुतार फार हळहळला.

बोळातून बायका येऊ लागल्या. चहाची तलफ आली की हे माजघरात येऊन आधी खाकरायचे. आत भराभर पदर डोक्यावर जात आणि मी कप उंबऱ्यावर ठेवायची. स्वतःच्या घरात खाकरून वावरणाऱ्या साहेबांचं मास्तरीणबाईंना भारी हसू यायचं. ते ऐकून हे पलीकडून म्हणायचे, "चालू द्या, चालू द्या." पुढे पुढे पाहिलं तर खुर्ची खिडकीपासून सरकत सरकत माजघराच्या दाराशी आली होती. तोंड रस्त्याकडे, कान मात्र आमच्याकडे. मी ती कधी मागे सरकवली नाही.

एकोणीसशे सत्तर साल उजाडायच्या आत हे गेले. यांना नेल्यावर बायका मला भेटायला आल्या. मागलं दार उघडंच होतं. पण दुःखाच्या घरी मागून कसं यायचं, म्हणून त्या पुढून आल्या. माजघराच्या दाराशी खुर्ची रिकामी होती. तिच्यासमोर येताच मास्तरीणबाईंनी पदर पुढे ओढला, मान खाली घातली आणि मग आत आल्या. त्यांच्यामागून कास्तकाराची सून तशीच. कल्हईवाल्याची बायकोही तशीच. तोवर मी कोरडी बसून होते. ते पाहिलं आणि मला रडू फुटलं.