दिवे मालवणारे आतोबा

लोक माणसांना भेटायला जातात. आमचे आतोबा दिव्यांना भेटायला जात. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कुणाच्याही घरी गेले, की चपला काढता काढता त्यांची नजर आधी छताला लागायची, आणि तिथे जुना पिवळा बल्ब लोंबत असला तर चेहरा दवाखान्यात कुणाला पाहायला आल्यासारखा व्हायचा. माझ्या लग्नाची बोलणी करायला आम्ही नारायण पेठेत मुलाकडे गेलो होतो. पोहे झाले, मुलाच्या संगणक कंपनीची चौकशी झाली, आणि आतोबांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना विचारलं, की जिन्यातला दिवा किती वॉटचा आहे. सासरे पेठेतलेच. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाले, "आपण मुलगा पाहायला आलात की मीटर?" परतताना माझ्या वडिलांचा जीव टांगणीला लागला होता. आतोबांनी मात्र निकाल देऊन टाकला, की स्थळ उत्तम आहे, दिवे काय, बदलता येतील. आणि लग्नानंतर ते खरोखरच आले नि जिन्यातला दिवा बदलून गेले. तेव्हा स्टूल धरून सासरे स्वतः उभे होते.

त्या सुमारास कमी विजेवर चालणारे सीएफएल दिवे बाजारात नवे आले होते आणि आतोबा विमा कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. दोघांची गाठ पडली ती कायमची. आत्याच्या जुन्या सुती पातळाच्या तुकड्यांत एकेक दिवा गुंडाळून ते स्कूटरवरून बिबवेवाडीहून निघत आणि नातेवाइकांच्या घरी न बोलावता पोचत. ते दिवे लांबोडके, कुठल्याही शेडमध्ये मावायचे नाहीत. त्यामुळे आमच्या सगळ्या गोतावळ्यातल्या शेड माळ्यावर गेल्या. शिवाय बटण दाबलं की दिवा आधी जरा मिणमिणायचा आणि मग सावकाश उजळायचा. तेवढा वेळ आतोबा सगळ्यांना गप्प बसवत. "त्याला विचार करायला वेळ लागतो," ते म्हणत, "आपल्यासारखं नाही, बटण दाबलं की बोलायला सुरुवात." एकदा तर एका काचेच्या इमारतीत भर दुपारी सगळे दिवे जळताना पाहून ते जाब विचारायला फाटकापर्यंत गेले. फाटकावरचा रखवालदार वऱ्हाडातला होता. तो म्हणाला, "काकाजी, मले तं बाहेर बसवलं हाय. आतला उजेड मले नाई विचारत." आतोबांना हे उत्तर इतकं पटलं, की त्यांनी त्याच्या खोलीवर जाऊन तिथला दिवा बदलून दिला.

या सगळ्याला विरोध फक्त आत्याचा. त्या पांढऱ्या उजेडात आमटी पाण्यासारखी दिसते आणि आलेला पाहुणा आजारी वाटतो, असं तिचं म्हणणं. पण घरात तिचं चालत नसे. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, की मागोमाग आतोबा जाऊन तिथला दिवा मालवत. ती देवघरातून उठली, की देवघरातला. दिवसभर ती पुढे आणि अंधार करत हे मागे, अशी त्यांच्या संसाराची चाल होती. "अहो, मी अजून आहे इथे," आत्या अंधारातून म्हणायची, आणि दिवा निमूटपणे परत लागायचा.

मग मधुमेहानं आत्याची दृष्टी मंदावू लागली. आधी सुईत दोरा ओवेना, मग ताटातलं मीठ आणि भात एकच दिसायला लागला. माझी आतेबहीण तोवर नोकरीसाठी अमेरिकेला गेलेली. घरात ही दोघंच. एकदा संध्याकाळी आत्या स्वयंपाकघरात शिरली, बटण दाबलं आणि दिवा उजळायच्या आतच पाऊल टाकून उंबऱ्याला अडखळली. हाताला मुका मार लागला, एवढंच. पण त्यानंतर मी गेले, तेव्हा त्या घरात शंभर वॉटचे पिवळे बल्ब लागलेले होते. स्वयंपाकघरात, बोळात, न्हाणीघरात, सगळीकडे. मी वर पाहतच राहिले. आतोबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "नव्या दिव्यापाशी थांबावं लागतं गं. तिला आता थांबायला नको."

आणि त्या घराची चाल उलटी झाली. आतोबा पुढे आणि आत्या मागे. तिची चाहूल लागली, की ती जाणार त्या खोलीत आतोबा आधी जाऊन दिवा लावत, भर दुपारी सुद्धा. पुढे पुढे तिला उजेड-अंधारातला फरकही कळत नव्हता. तरी ती मान वर करून म्हणायची, की आज छान उजेड आहे. आतोबा "हो" म्हणायचे आणि पुढच्या खोलीकडे जायचे.

आत्या गेली, तेव्हा आतेबहीण आली आणि वडिलांना आपल्याबरोबर घेऊन गेली. एकटं ठेवणं बरं नव्हतं, हे सगळ्यांनाच मान्य होतं. आतोबांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही काही म्हटलं नाही.

तिकडून रविवारी त्यांचा फोन यायचा. एकदा सांगत होते, की लेकीच्या घरी त्यांच्या खोलीतल्या दिव्याला बटणच नाही. माणूस आत आला की लागतो, गेला की विझतो. मी म्हटलं, आतोबा, मग तुम्हाला हवं होतं तसंच घर मिळालं की.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण मी खुर्चीत स्वस्थ बसून राहिलो, की विझतो. त्याला वाटतं, खोलीत कोणी नाही. मग मी हात हलवतो."

मी म्हटलं, थोडे दिवस इकडे या. ते "बघू" म्हणाले. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, बिबवेवाडीत हल्ली दिवेलागण किती वाजता होते.