दोन्ही कान दिसले पाहिजेत

नववीत शाळा सोडून गडचिरोलीकडून ठाण्यात आलेलो, तेव्हा वर्तकनगरच्या स्टुडिओवाल्या काकांनी मला ठेवून घेतलं, हातात कॅमेरा दिला. ते उपकार फिटणारे नाहीत. म्हणूनच बहुतेक, त्यांनी कल्याणच्या एका मुलीला कामावर घेतल्यापासून ते आधी कोणाला हाक मारतात याकडे माझं लक्ष असतं. ती ग्रॅज्युएट. मला दादा म्हणते. राग यावा असं काही करत नाही, तोच त्रास.

स्टुडिओत पासपोर्ट फोटो मी काढायचो, लग्नांना काका जायचे. आता त्यांच्या गुडघ्यांना लग्नात दिवसभर उभं राहणं झेपत नाही. तरी दरवर्षी ते हौशी फोटोग्राफरांना घेऊन लडाखला जातात, गेल्या उन्हाळ्यात आम्हा दोघांनाही नेलं. ज्याचा फोटो चांगला येईल तो शोकेसमध्ये लागेल आणि लग्नाच्या ऑर्डरीही त्यालाच, असं निघतानाच सांगितलेलं.

तिथे पठारावर मार्मोट होते. खारीच्याच जातीचे, पण मांजराएवढे गुबगुबीत, बिळाच्या तोंडाशी उभे राहून शिट्टी मारणारे. मी गवतात पालथा पडून राहिलो. एक बाहेर आला, खायला लागला, पण सरळ बघेना. माझ्या तोंडून हळूच निघालं, "हनुवटी खाली." शेवटी तो वळला, दोन्ही कान दिसले, मी क्लिक केलं. जिंकल्यासारखंच वाटलं. ती तिकडे उन्हात बसलेली, मार्मोट सरकतील तशी सरकत.

परत आल्यावर काकांनी दोघांचे फोटो काउंटरवर ठेवले. तिच्या फोटोत दोन पिल्लं एकमेकांना ढकलत होती, धूळ उडालेली. मला बघवेना, आणि नजरही हटेना. मग काकांनी माझा फोटो उचलला आणि हसले.

"अरे, हा आधार कार्डाला चालेल."

ती म्हणाली, "पण काका, कान बघा ना, किती स्वच्छ आलेत."

तीही हसली असती तर बरं झालं असतं.

आता शोकेसमध्ये तिची पिल्लं आहेत आणि डोंबिवलीच्या लग्नांना ती जाते. माझा मार्मोट काकांनी आत, कॅमेऱ्याच्या वरच भिंतीवर लावलाय. लहान मुलं स्टुलावर चुळबुळ करायला लागली की मी त्याच्याकडे बोट दाखवतो. मुलं टक लावून बघतात, मान एकदम सरळ. मी क्लिक करतो आणि दारातून वाकून बघतो, बाहेर शोकेससमोर कोण थांबलंय.