टेम्पो निघायच्या वेळी

लग्न होऊन मी शिनोलीहून निरगुडसरला आले, माप ओलांडलं आणि त्याच संध्याकाळी विहिरीवरची मोटर जळाली. वायरमन म्हणाला, व्होल्टेज कमी आहे, निम्म्या गावाच्या मोटरी जळाल्यात. पण निम्म्या गावात त्या दिवशी नवी सून आली नव्हती.

पुढं टोमॅटोचा भाव पडला. सासूबाई टाकून बोलल्या असत्या तर मी भांडले असते. माहेरी माझ्या तोंडाला सगळी आळी भ्यायची. पण त्या बोलल्याच नाहीत. माल घेऊन टेम्पो नारायणगावला निघाला की नुसतं म्हणायच्या, "पोरी, चुलीवर काय हाय बघ जरा." चुलीवर काहीच नसायचं. टेम्पो रस्त्याला लागेपर्यंत मी त्या रिकाम्या चुलीपुढं बसून राहायचे. शरमेनं कान तापायचे.

एकदा पाणी घेऊन येताना टेम्पो नेमका समोर आला. त्या दिवशी भाव चांगला मिळाला. मामंजी खुशीत म्हणाले, "भरली कळशी आडवी आली, लई ब्येस झालं." म्हणजे भाव पडला तर माझे पाय आणि चढला तर कळशी! आता हसू येतं. तेव्हा मी कळशी ठेवून न्हाणीत रडले होते.

हळूहळू मला आत पाठवायचं बंद झालं, कारण मी आपणहून आत जायला लागले. कुणाच्या बारशाला गेले तरी सगळ्यांच्या मागून उंबरा ओलांडायचे. गाव म्हणायचं, सून मोठी लाजाळू. मलाही ते खरं वाटायला लागलं.

मग लेकीचा बारावीचा पहिला पेपर आला. सगळे दारात उभे होते, मी स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत होते. सासूबाई मला शोधत आत आल्या.

"अगं, लेक निगाली परीक्षेला, आन तू हितं काय करती?"

"तुमीच वाटंला लावा, आत्याबाई. माजं पाऊल नको आडवं."

"कसलं पाऊल?"

मी मोटरचं सांगितलं, टोमॅटोचं सांगितलं, चुलीचं सांगितलं. त्या बराच वेळ आठवत राहिल्या.

"मी म्हनले व्हते आसं? कवा गं?"

खरंच, कधीच म्हणाल्या नव्हत्या. त्यांच्या ध्यानातही नव्हतं, आणि मी लेकीच्या वयाएवढी वर्षं त्याच्याशी संसार केला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी दंडाला धरून मला दारात आणलं. माझ्याच हातानं लेकीच्या तळहातावर दही-साखर ठेवायला लावली. लेक पाया पडली आणि एस.टी.साठी पळाली.

संध्याकाळी आल्या आल्या तिनं दप्तर कॉटवर टाकलं. "लई आवघड व्हता पेपर."

"समद्यांनाच गेला आसंल," सासूबाई म्हणाल्या आणि तिला चहा द्यायला उठल्या. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या पेपरला लेक निघाली तेव्हा सासूबाई दारातून मला हाका मारत होत्या. लेकही मारत होती. मी गोठ्यामागं उभी होते, ओ दिली नाही.