ताई, तू बघशील ना?

आमच्या आत्याला तिच्या कामाच्या ठिकाणी 'गार मोटर' म्हणतात. जळालेल्या विजेच्या मोटरी दुरुस्त करायचं ते दुकान. पाण्याचे पंप, पंखे, मिक्सर, सगळं तिथे येऊन पडतं. आत्या त्यातली करपलेली तार उपसून काढते आणि नवी तांब्याची तार वेटोळी करून भरते. तिला कितीही चालवा, तापत नाही, म्हणून गार मोटर. नाव ठेवणाऱ्यांना हा मोठा विनोद वाटतो. मला वाटत नाही. एखादं माणूस तापत नाही असं एकदा ठरलं, की त्याला आणखी राबवायला सगळे मोकळे होतात, आणि आमच्या घरात हा उद्योग फार वर्षं चालू आहे.

मी मात्र तापते. माझ्या नाकावर राग असतो, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. असतोच. घरात कोणाच्या तरी नाकावर नको का?

आत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही, की कोणी करून दिलं नाही, याबद्दल घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही तिला न विचारता तयार झालेली आहेत. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हापासून त्यांचं सगळं तिनेच केलं. दिवसभर दुकानात तारा भरायच्या आणि घरी येऊन त्यांची कूस बदलायची, औषधं द्यायची, हाक आली की उठायचं. आम्ही चौघं, म्हणजे आईबाबा, दादा आणि मी, सुट्टीत कुठे निघालो, की ती दारात उभी राहून हात हलवायची. आजोबांना टाकून ती कशी येणार, हे इतकं उघड होतं की तिला कोणी विचारायच्याही भानगडीत पडलं नाही. गेल्या वर्षी आजोबा गेले.

आणि या वर्षी बाबांनी मोठ्या शहराची सहल काढली. तीनच दिवसांची, पण थाट असा की जणू सैन्य निघालंय. बाबा पाणीपुरवठा खात्यात आहेत. कुठल्या वस्तीला किती वेळ पाणी सोडायचं, यातच त्यांची सगळी नोकरी चाललीय. त्यामुळे माणसांनाही ते त्याच पद्धतीने सोडतात आणि बंद करतात. जेवणाच्या टेबलावर त्यांनी शहराचा नकाशा पसरला. सकाळी संग्रहालय, दुपारी मनोरा, संध्याकाळी नदीवरचा पूल. दादाला क्रीडांगण बघायचं होतं, त्याला अर्धा तास मिळाला. आईला बाजार हवा होता. तिला सांगण्यात आलं, "तिकडे गेल्यावर बघू." आमच्याकडे याचा अर्थ नाही असा होतो.

आत्या टेबलाच्या टोकाशी बसून सफरचंदं चिरत होती. मधेच माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "तिथे दुमजली बस असते ना गं? वरच्या मजल्यावर अगदी पुढे, काचेला लागून बसायचं. रस्ता आपल्या पायाखाली ओतल्यासारखा दिसतो म्हणे."

"तुला कोणी सांगितलं?"

"दुकानातला एक जण जाऊन आला. मला बाकी काही नको. एक फेरी तेवढी."

बाबा पट्टीने पुलाचं अंतर मोजत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी नकाशाची घडी घातली, चष्मा काढला आणि म्हणाले, "चला, ठरलं. ताई, तू बघशील ना सगळं?"

"बघेन की! सगळं बघेन!" आत्या म्हणाली. तिचा आवाज इतका वर गेलेला मी आजवर ऐकला नव्हता.

"झालं तर मग," बाबा म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी तिने रजा मागितली. मालकाला वाटलं, हिला काहीतरी झालंय. कुठल्या डॉक्टरकडे जाणार, असं त्याने काळजीने विचारलं. सहलीला जाणार म्हटल्यावर सगळं दुकान गोळा झालं. आत्याने कापडी बूट आणले, निळे. चालून चालून सैल करायचे म्हणून संध्याकाळी ती ते घालून घरभर फिरायची, स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. बाबा सोफ्यावर बसलेले असायचे. एकदा म्हणालेसुद्धा, "छान आहेत गं बूट." हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे जे झालं ते बूट न दिसल्यामुळे झालं नाही.

रविवारी सकाळी फरशीवाला आला. न्हाणीघराची फरशी बरेच दिवस उखडलेली होती. आम्ही नसताना ते काम उरकून टाकायचं, म्हणजे कोणाच्या नाकातोंडात धूळ जायला नको, असा बाबांचा बेत. फरशीवाला टेप लावून मापं घेत होता. आत्या त्याच्यासाठी पाणी घेऊन आली.

"आम्ही तीन दिवस नाही," बाबा त्याला म्हणाले. "तेवढ्यात आटपा. आणि काही लागलं सवरलं तर ही माझी बहीण आहे घरी. ती बघेल सगळं."

"मी?" आत्या हसली. "अरे, मी तर येतेय ना."

"कुठे?" बाबांनी विचारलं.

त्या 'कुठे'त काही खोच नव्हती. अगदी साधा, सरळ, खराखुरा प्रश्न होता, आणि म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत्याच्या हातात पेला तसाच राहिला. "शहर बघायला," ती म्हणाली.

"अगं, पण तूच नाही का म्हणालीस, सगळं बघेन म्हणून?"

आपल्या भाषेतला हा 'बघणे' शब्द महालबाड आहे. शहरही बघायचं असतं आणि घरही. मनोरा बघतात, तसंच अंथरुणावरचं माणूसही बघतात. पहिल्याला डोळे लागतात, दुसऱ्याला हाडं. बाबांनी विचारलं होतं घराचं, आत्याने ऐकलं होतं शहराचं, आणि पंधरवडाभर दोघंही आपापल्या जागी खुशीत होते.

"तिकिटं दाखवा," मी म्हणाले.

"तू मधे बोलू नकोस."

"दाखवा, बाबा!"

त्यांनी फोन काढला. चार तिकिटं. आई, बाबा, दादा, मी. मग माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, आणि आठवतंय तेवढ्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. फरशीवाला बिचारा न्हाणीघरात शिरला आणि एकच भिंत पुन्हा पुन्हा मोजत बसला. दादा म्हणाला, "एवढं काय तोंड टाकतेस? गैरसमज झाला, संपलं." त्यालाही मी सोडलं नाही.

"आत्या, माझ्या जागेवर तू जा," शेवटी मी म्हणाले. "मला नाही जायचं यांच्याबरोबर."

"मला तुझी जागा नकोय गं," आत्या म्हणाली. पेला तिने खाली ठेवला आणि बाबांकडे वळली. "माझी जागा का नव्हती, ते सांग."

बाबांनी सांगायला सुरुवात केली. म्हणे, फरशीचं काम. मग म्हणाले, तिकिटं मिळायची मारामार होती. मग, तुला प्रवास झेपत नाही. कोणी बघितला होता तिचा प्रवास? मग, तुला असल्या गोष्टींची कुठे आवड आहे. आत्या ऐकत होती, मोटर उघडून आत नेमकं काय जळलंय ते बघताना ऐकते तशी, मान जराशी कलती करून. प्रत्येक कारण तिने पुरतं होऊ दिलं. बाबांची कारणं संपली.

"अगं, मुद्दाम नाही केलं ताई," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज पडला होता. "तिकिटं काढताना किती माणसं असं विचारलं, मी चार लिहिलं. तू... डोक्यातच आलं नाही."

आई जमिनीकडे बघायला लागली. मला वाटलं, यापेक्षा खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. तू नको होतीस म्हणाले असते, तर कडकडून भांडता तरी आलं असतं. डोक्यातच न आलेल्या माणसाने भांडायचं कुठून?

आत्या खुर्चीवर बसली. "अण्णा होते तोवर मला वाटायचं, मी त्यांच्यामुळे अडकलेय," ती म्हणाली. आजोबांना ती अण्णा म्हणायची. "मनातल्या मनात चिडायचे रे त्यांच्यावर. कधी कधी फार चिडायचे. बिचारे उगीचच बोलणी खात होते."

"असं काय बोलतेस, ताई. थांब, आत्ता पाचवं तिकीट काढतो." बाबा घाईघाईने फोनवर बोटं चालवायला लागले. "डबा वेगळा मिळेल कदाचित, पण मिळेल."

"नको."

"नको काय? आता हट्ट करू नकोस."

"रजा मंजूर झालीय माझी. मी माझी जाईन."

"एकटी?" बाबांनी मान वर केली. खरंच घाबरले होते ते, हे मला कबूल करायला हवं. "ताई, केवढं प्रचंड शहर आहे ते, कल्पना तरी आहे का तुला? गर्दीत कुठे हरवलीस म्हणजे?"

"हरवले तर तुम्हाला कधी कळेल रे?" आत्याने विचारलं.

टोमणा मारायचा तिचा स्वभावच नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि ती उत्तराची वाट बघत होती.