बिनडोळ्यांची प्रजाती

उडणाऱ्या कुणालाही मी माझ्या टेबलावर सहजासहजी बसू देत नाही. पंखवाला आला की दरी, किल्ल्याची भिंत, नदीवरचा तुटका पूल, सगळ्याची मजाच जाते. तो पलीकडे जाऊन उभा राहतो आणि बाकीचे खालून वर बघत बसतात. पाण्यात राहणाऱ्यांची तऱ्हा उलटी. त्यांना कोरड्या रानात आणलं की बिचारे सतत आजारी.

हे सगळं एका खेळातलं. टेबलाभोवती आम्ही चौघं बसतो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं, आणि पुढे काय होईल ते कुणालाच ठाऊक नसतं तिथे फासे टाकायचे. पात्र घडवताना पहिला प्रश्न असा, की तुम्ही कोण? माणूस, बुटका, लांब कानांचा, की आणखी कुणी? त्या 'आणखी कुणी'ला खेळात घ्यायचं की नाही, हे गोष्ट सांगणाऱ्याने ठरवायचं. आमच्याकडे गोष्ट मी सांगते, म्हणून निकालही माझाच.

मी गुरांची डॉक्टर आहे. आठवडाभर दारव्हा तालुक्यात, बोरी अरबच्या आसपासच्या गावांमधून फिरते आणि रविवारी यवतमाळला घरी असते. खेळ शिकले नागपूरला, कॉलेजच्या होस्टेलवर. पण पारख शिकले ती गोठ्यात. कुणी नवा जीव घेऊन आलं की म्हशीच्या मालकाला विचारते तेच विचारते: खातो काय, झोपतो कसा, दुखतं कुठे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक हौसेने देतात. तिसऱ्याला गप्प होतात. आपल्या लाडक्या जीवाला काय काय येतं ते सांगायला सगळे तयार असतात, काय जमत नाही ते कुणालाच सांगायचं नसतं.

आमच्या टेबलावरचे बाकीचे तिघं असे. एक माझा नवरा. त्याच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीत नोकरीला, तोही कलेक्टर ऑफिसात आहे, आणि खेळातही तो माणूसच होतो, बहुतेकदा कुठल्या तरी राजाचा कारकून. दुसरी माझी मैत्रीण, जिल्हा कोर्टात वकील. तिसरे राजूरकडच्या कोळसा खाणीतले सर्व्हेअर. पन्नाशीचा माणूस, दर रविवारी वणीहून मोटरसायकलने येतो आणि येताना न चुकता चिवडा आणतो.

पहिल्याच रविवारी नवऱ्याने वकीलबाईंना सहज विचारलं, "मग तुमची जात कोणती ठरली?" विचारलं होतं खेळातल्या पात्राबद्दल, पण शब्द टोचला. ती बौद्ध घरातली. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात माणसाला जन्मावरून मोजणं बंद आहे.

"हा शब्द या टेबलावर नको," ती शांतपणे म्हणाली.

मी म्हटलं, "प्रजाती म्हणू. माझ्या शास्त्रातला शब्द आहे आणि नेमका आहे."

तो शब्द कायम झाला. मग तिने नियमांचं पुस्तक पुढे ओढलं. त्यात हिरव्या कातडीच्या लोकांबद्दल 'जन्मतःच क्रूर आणि मंदबुद्धी' असं काहीतरी लिहिलेलं होतं. तिने पेन उघडलं, त्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि पुस्तक मला परत दिलं. पुस्तक माझं होतं. मला काही वावगं वाटलं नाही. क्रूर गाय मी अजून पाहिलेली नाही, घाबरलेल्या मात्र पुष्कळ पाहिल्या आहेत.

गेल्या एप्रिलमध्ये सर्व्हेअर भाऊ एक नवी प्रजाती घेऊन आले. पुस्तकातली नाही, स्वतः रचलेली. नाव भुईकान. जमिनीखाली राहणारे लोक. त्यांना डोळे नाहीत, दगडातून येणारी थरथर तळव्यांनी आणि कानांनी ऐकून ते सगळं 'पाहतात'.

"खातात काय?" मी विचारलं.

"बुरशी. अन् मुयं."

"झोपतात कसे?"

"भिंतीले पाठ लावून. थरथर आली का जागे."

"आणि दुखतं कुठे?"

ते हसले. "मॅडम, डोये नाहीत, अजून काय पाह्यजे तुम्हाले?"

मला ते पटलं नाही. डोळे नसून जर सगळंच कळत असेल तर डोळे नसणं ही उणीव नव्हे, नुसता वेगळेपणा झाला. पण कल्पनेत दम होता, आणि ती कुठून आली हेही दिसत होतं. भाऊंची कितीतरी वर्षं भूमिगत खाणीत गेलेली. खाली गेलं की आधी छतावर लोखंडी सळई ठोकून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजलं तर दगड घट्ट, भद्द वाजलं तर सुटलेला. आता त्यांची बदली वरच्या उघड्या खाणीच्या ऑफिसात झाली होती. "थे ऐकणं सुटलं माह्यं," एवढंच ते एकदा बोलले होते. मी म्हटलं, एक रविवार खेळून बघू, मग ठरवते.

खेळलो आणि तासाभरात मला जे वाटलं होतं तेच झालं. एका पडक्या गढीत शिरायचं होतं. भाऊ डोळे मिटून बसले आणि सांगत सुटले, या भिंतीमागे दोन पहारेकरी, त्या खोलीत पेटी, जिन्याची तिसरी पायरी पोकळ. वकीलबाईंचं पात्र नावाजलेली हेरगिरी करणारी बाई, तिला काम उरलं नाही. नवऱ्याने चिवड्याची वाटी पुढे ओढली.

"सगळं याईलेच दिसून राह्यलं, तर आपण आलो कायले?" तो म्हणाला.

मी फासे बाजूला ठेवले. "भाऊ, तुमची प्रजाती छान आहे. पण खेळण्याजोगी नाही."

त्यांचा चेहरा पडला. ते काही बोलणार इतक्यात बाहेरच्या रस्त्यावरून वरात आली. लग्नाचे दिवस, डीजे असा की खिडकीची तावदानं थरथरायला लागली. आम्ही तिघांनी वैतागून कानांवर हात ठेवले. भाऊंनी मात्र डोळे मिटलेलेच ठेवले होते, आणि हळूहळू त्यांनी दोन्ही हात पुढे करून टेबलाची कड चाचपली.

"काय झालं?" मी ओरडूनच विचारलं.

"मले काहीच दिसून नाही राह्यलं," ते म्हणाले. "खरंच सांगतो. सगळं पांढरं झालं."

वरात लांब गेल्यावर ते थोडे ओशाळले. "माह्याच तोंडून निघालं ना मॅडम, आता तुम्ही धरान मले त्याच्यात."

"धरणारच," मी म्हटलं. "दुखतं कुठे ते सापडलं."

मी नियम तिथेच सांगितला. आवाज असेल तिथे भुईकान आंधळा. गोष्टीतला आवाज तर धरायचाच, पण टेबलावरचा आणि रस्त्यावरचाही धरायचा. अर्धं दिसतं, अंधुक दिसतं, असलं काही नाही.

"हे लय कडक झालं," भाऊ म्हणाले.

"कडक आहे म्हणूनच मंजूर आहे."

वकीलबाईंनी मध्यस्थी करून पाहिली, की थोडी सूट द्यावी, निदान घरातला आवाज तरी वगळावा. मी ऐकलं नाही. पंख असो, विष असो, की दगडातून ऐकणं असो, प्रत्येक शक्तीची किंमत टेबलावरच्या सगळ्यांना दिसायला हवी, नाहीतर ती एकट्याची चैन होते. याबाबतीत मला शंका नव्हती आणि आजही नाही.

मे महिन्यात गोष्ट डोंगराखाली गेली. मशाली विझल्या होत्या, समोर एक अरुंद दगडी पूल होता, मधले काही दगड निखळलेले. कुठले, ते एकट्या भुईकानालाच कळणार. पण बाजूला पाणचक्की धडधडत होती.

"मले दिसत नाही," भाऊ म्हणाले.

नवऱ्याच्या कारकुनाने अंधारात चाचपडत जाऊन चक्कीची खुंटी ओढली. फासा चांगला पडला, चक्की थांबली. वकीलबाईंनी आपल्या पात्राच्या पायातले वाळे काढून ठेवले. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"आणि तुझा हा कूलर?"

आमचा कूलर म्हणजे लोखंडी पेटारा, वाळ्याच्या ताट्या लावलेला, ट्रकसारखा घरघरणारा. बाहेर यवतमाळचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन. नियम माझाच होता आणि तो सगळ्यांना पाठ होता.

नवरा उठला. त्याने कूलर बंद केला, वरचा पंखाही बंद केला आणि परत येऊन बसला. दोन मिनिटांत सगळ्यांच्या कपाळावर घाम आला. चिवड्याला कुणी हात लावला नाही. भाऊंनी डोळे मिटले, तळवे टेबलावर सपाट ठेवले आणि अगदी हलक्या आवाजात सांगायला लागले, "डावा पाय. आता थांबा. पुढचा सुटलेला हाय, भद्द वाजून राह्यला. त्याच्या पुढचा घट्ट." कारकून एक पाऊल टाकायचा, मग ती. नवऱ्याने तर खरोखरच श्वास रोखून धरला होता. पूल संपला तेव्हा चौघांचेही कपडे भिजलेले होते, आणि कूलर परत सुरू करायचं बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी त्याच दिवशी भुईकान कायमचे मंजूर केले. ज्या प्रजातीमुळे बाकीच्यांच्या बसण्याबोलण्यात फरक पडतो, ती चांगली. जिच्यामुळे बाकीचे चिवडा खायला लागतात, ती वाईट. पुस्तकांमध्ये याच्यासाठी लांबलचक कोष्टकं असतात. मी ती वाचली आहेत, आणि एवढ्या वर्षांनंतर मला एवढं पुरतं.

भाऊंमध्येही काही बदललं. घरी जाताना ते दारात थांबून म्हणाले, "लय दिवसांनी खाली गेलतो मॅडम." मोटरसायकलला किक मारून निघालेसुद्धा. मी फाटकाशी उभी राहिले. बरं वाटलं, आणि आपला निकाल बरोबर होता याचाही आनंद त्यात होताच.

सध्या वाद वेगळा चालू आहे. खेळातला भुईकान आणि वकीलबाईंची हेर लग्न करायचं म्हणतात. मी म्हटलं, प्रजाती वेगळ्या आहेत, शास्त्रात बसत नाही.

"शास्त्रात मूल बसत नसेल," ती म्हणाली. "लग्नाला कुठलं कलम आड येतं ते सांग."

भाऊ म्हणाले, "वकीलताईशी कोण बोलंल बाप्पा." नवऱ्याच्या कारकुनाने तर नोंदणीचा अर्जही तयार ठेवला होता.

मी दोन रविवार विचार केला आणि लग्न मंजूर केलं. मुलांचा निकाल मात्र राखून ठेवला आहे. संकराच्या बाबतीत मी दवाखान्यातही घाई करत नाही.